डोल, तोळ आणि कोळसून: रानकुत्र्याचं इंग्रजी नाव आलं कुठून?

टिळकवाडीकर

खानापूर भागात रानकुत्री दिसल्याची बातमी परवा वाचली. मथळा होता 'ढोलांचा कळप दिसला'. सासऱ्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "गणपतीला अजून अवकाश आहे, पथक आत्तापासून कशाला बाहेर काढलंय?" हसून झालं, पण मी त्या शब्दामागे लागले.

इंग्रजीत ह्या प्राण्याचं स्पेलिंग डी, एच, ओ, एल, ई. उच्चार मात्र 'डोल', 'होल'शी यमक जुळणारा. 'ढोल' नाही आणि 'ढोले' तर नाहीच (ते आडनाव झालं). अर्थ सरळ आहे: आपल्याकडचा तांबूस, झुपकेदार काळ्या शेपटीचा रानकुत्रा. बाकी सगळं वाकडं आहे. इंग्रजी वाचणाऱ्यांतही हा शब्द फारसा कुणाला ठाऊक नसतो. आपल्या वर्तमानपत्रांनी स्पेलिंग बघून त्याचा 'ढोल' केला आणि तेच आता रूढ होऊ लागलंय.

व्युत्पत्ती बघायला मेरियम-वेब्स्टर उघडला. तो म्हणतो, कदाचित कन्नड 'तोळ'वरून. तोळ म्हणजे लांडगा. शेजारच्या काकू पक्क्या धारवाडच्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तोळ अंद्र तोळ री, नायी अल्ल." लांडगा म्हणजे लांडगाच हो, कुत्रा नव्हे. मग लांडग्याचं नाव कुत्र्याला कसं लागलं? आणि आपल्या भागात ह्या जनावराला नक्की काय म्हणतात? जाणकारांनी लिहावं.

नंदगड_बाजार

ढोल बिल आमच्याकडं कोण म्हणत नाही ओ. कोळसून, नाहीतर कोळसुंदं. शहरातनं आलेला माणूस असला तर रानकुत्रं म्हणायचं, त्याला कळावं म्हणून.

आमचे आजोबा सांगायचे, कोळसुंदी झुडपांवर मुतत्यात. त्यातनं सांबर गेलं की डोळ्यात जातंय, आंधळं होतंय, मग धरत्यात. वाघ पण ह्यांना वाट सोडतो म्हणायचे. खरं खोटं देव जाणे. पण रानात शिट्टी ऐकू आली की गुरं मागं फिरवायची, एवढं आम्हाला लहानपणापास्नं माहीत.

खडेबाजार

म्हणजे शब्द कानडी निघाला तर कुत्रा कर्नाटकात राहणार आणि मराठी निघाला तर महाराष्ट्रात जाणार? महाजन आयोगाच्या अहवालात रानकुत्र्यांबद्दल काय लिहिलंय बघा की कुणीतरी.

संपादक मंडळ

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तो चांगला सहाशे प्रतिसादांचा आहे. इथे कृपया कुत्र्यावरच बोलावे.

शब्दगोंधळी

टिळकवाडीकर ताई, छान विषय काढलात. ह्या शब्दाची कागदावरची कथा जेवढी सापडते तेवढी सांगतो, कारण ती मुळातच मजेदार आहे.

इंग्रजीत हा शब्द पहिल्यांदा दिसतो तो बहुधा १८०८ च्या सुमारास. टॉमस विल्यमसन नावाचा कंपनी सरकारचा कप्तान, शिकारीवर लिहिणारा. त्याला हा प्राणी रामगढ भागात भेटला, म्हणजे आजच्या झारखंडात. तिथले लोक ह्याला सर्रास 'डोल' म्हणतात, असं त्याने लिहून ठेवलं.

पुढे १८२७ मध्ये चार्ल्स हॅमिल्टन स्मिथ आला. हाही लष्करी गडी, चित्रकार आणि प्राणिशास्त्राचा शौकीन. त्याने सांगितलं की हा शब्द 'पूर्वेकडच्या अनेक भागांत' चालतो. कुठला भाग, कुठली भाषा, पत्ता नाही. दोन वर्षांनी त्याने त्याची सोयरीक तुर्की 'देली'शी जुळवली. देली म्हणजे वेडा, पिसाट. तेवढ्यावर न थांबता डच 'डोल' म्हणजे वेडा, हाही त्याच घराण्यातला म्हणून आणून बसवला. तुर्की आणि डच शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. डच शब्द जर्मानिक कुळातला, इंग्रजी 'डल' म्हणजे मंद, ह्याचा भाऊबंद. नुसता आवाज सारखा दिसला की पत्रिका जुळवायची, हा रोग जुनाच आहे. आपल्याकडेही प्रत्येक इंग्रजी शब्द संस्कृतातून काढणारे काका असतातच.

मग विसाव्या शतकाच्या आरंभी रिचर्ड लिडेकर ह्या प्राणिशास्त्रज्ञाने सगळ्यांवर पाणी ओतलं. त्याने लिहिलं की हा प्राणी जिथे राहतो तिथले लोक हा शब्द वापरतच नाहीत.

म्हणजे बघा: एक म्हणतो तिथले सगळे म्हणतात, दुसरा म्हणतो पूर्वेकडे सगळीकडे म्हणतात, तिसरा म्हणतो कुणीच म्हणत नाही. तोवर शब्द इंग्रजीत पक्का झाला होता. त्याला खरी प्रसिद्धी दिली किपलिंगने. १८९५ च्या 'सेकंड जंगल बुक'मध्ये मोगलीच्या लांडग्यांवर चालून येणारी तांबडी कुत्री हीच, आणि ती येतात ती दख्खनहून. मध्य भारतातल्या लांडग्यांना दख्खनच्या कुत्र्यांची धास्ती, हे वाचताना मला उगाचच बरं वाटलं होतं.

हल्याळ_दांडेली

कन्नड बाजूने थोडं. माझं शिक्षण कन्नड माध्यमातलं, घरी मराठी.

रानकुत्र्याला आमच्या भागात कन्नडमध्ये 'काडुनायी' म्हणतात, म्हणजे शब्दशः रानकुत्रा. दुसरं नाव 'सीळुनायी'. 'सीळु' म्हणजे चिरणं, फाडणं. हे नाव ज्याने ठेवलं त्याने शिकार डोळ्यांनी पाहिलेली असणार. ही कुत्री बिबट्यासारखा गळा धरून बसत नाहीत, पळत्या सांबराला मागून फाडत आणतात. जनावर उभं असतानाच खायला सुरुवात.

'तोळ' हा शब्द मात्र लांडग्यासाठीच. किटेलच्या १८९४ च्या कन्नड कोशातही तो लांडगाच आहे आणि तेलुगूत 'तोडेलु' म्हणजेही लांडगाच. हुबळीत तोळनकेरे आहे ना, लांडग्याचं तळं, त्या नावातला तोळ हाच. हुबळी-धारवाडचं माळरान ही लांडग्याची जागा. लांडगा उघड्या माळावर, रानकुत्रा झाडीत. खानापूरच्या पूर्वेला माळ आणि पश्चिमेला जंगल, म्हणून आपल्याला दोन्ही ठाऊक. पण दोन्ही जनावरं एकाच ठिकाणी क्वचित. त्यामुळे इथला माणूस एकाचं नाव दुसऱ्याला देईल हे मला पटत नाही.

निपाणीकर

इथला माणूस नाही देणार, पण साहेब देईल की! साहेब घोड्यावर, बरोबर शिकारी. लांबून तांबडं काहीतरी पळालं. साहेब विचारतो, "व्हॉट इज दॅट?" शिकाऱ्याला नीट दिसलंच नाही, तो म्हणतो "तोळ". साहेबाने वहीत लिहिलं. झालं, दोनशे वर्षं कुत्र्याला लांडगा.

अनुस्वार

निपाणीकर, गोष्ट छान आहे, पण तिचा घोडा रामगढला पोचत नाही.

माझा मुख्य आक्षेप हाच. पहिली नोंद रामगढची आहे. तिथे कन्नड बोलणारा शिकारी कुठून आणणार? विल्यमसन बेळगावात, धारवाडात किंवा म्हैसुरात हा शब्द ऐकून आला असता तर मी पहिल्याच फेरीत मान डोलावली असती. तो ऐकतो छोटानागपूरच्या पठारावर. कोशकार जो 'तोळ' सुचवतात तो आवाज आणि अर्थ जवळ आहेत म्हणून. शब्द प्रवास करतात हे मान्य, पण प्रवासाच्या खुणा लागतात: मधल्या मुलखात कुठेतरी तो सापडावा, एखाद्या पत्रात, एखाद्या नोंदीत. इथे दोन टोकं आहेत आणि मधला रस्ताच नाही.

कुणी म्हणेल, त्या पठारावर कुडुख बोलणारे उरांव आहेत आणि कुडुख द्राविडी कुळातली आहे. खरं आहे. पण मग दावा कुडुख शब्दावर करायला हवा, कन्नडवर नव्हे. द्राविडी आहे म्हणून चालेल, हा युक्तिवाद म्हणजे 'आडनाव पाटील आहे ना, मग नातेवाईकच असणार' म्हणण्यासारखं.

मेरियम-वेब्स्टरने 'कदाचित' लिहिलंय. तो 'कदाचित' आपण आंतरजालावर येता येता गाळून टाकतो. इथेही गाळला जाऊ नये म्हणून एवढं लिहिलं.

शब्दगोंधळी

@अनुस्वार, भूगोलाचा मुद्दा बिनतोड. पण एक बाजू 'तोळ'साठी मांडतो, कारण लोक नेहमी 'एच'वर अडतात. 'तोळ' मधे ह कुठाय, मग इंग्रजीत 'धो' कसं, असं विचारतात.

त्या 'एच'ला काही अर्थ नाही. इंग्रजांचा ड हा आपल्या द आणि ड च्या मधला कुठला तरी. आपला दंत्य द ऐकला की तो त्यांना वेगळा वाटे आणि वेगळेपण दाखवायला ते एक 'एच' टाकत. आपली साधी 'दाल' घ्या, विलायतेतल्या पाकिटांवर तिचं स्पेलिंग अजून 'एच'सकट दिसतं. 'दाल' मधे कुणी 'ध' म्हणतं का? अरबी समुद्रात फिरणारं 'दाव' नावाचं गलबत, त्याच्याही इंग्रजी स्पेलिंगात असाच फुकटचा 'एच'. तेव्हा मूळ शब्द 'दोल' किंवा 'डोल' असा काहीतरी असेल, 'ढोल' असायची गरज नाही. म्हणूनच वर्तमानपत्रातल्या 'ढोल'ला माझा विरोध आहे. साहेबाच्या स्पेलिंगातली चूक आपण देवनागरीत कायम करतोय. हिंदीवालेही आता 'ढोल' लिहितात. त्यांच्याकडे 'सोनकुत्ता' असा सोन्यासारखा शब्द असताना!

राहता राहिला त चा द कसा झाला. कन्नड 'त' ला हवा सुटत नाही. इंग्रज कानाला हवा न सुटणारा त पुष्कळदा द सारखा ऐकू येतो. हे अशक्य नाही. पुरेसं आहे का, तर नाही.

अर्थ बदलण्याचं म्हणाल तर त्याला मी फारसा अडथळा मानत नाही. तेलुगूत 'पंदिकोक्कु' म्हणजे डुक्कर-उंदीर, आपली घूस. इंग्रजांनी त्याचं 'बँडिकूट' केलं आणि पुढे ऑस्ट्रेलियात पोटाला पिशवी असलेलं कुठलं तरी भलतंच जनावर दिसलं तर त्यालाही तेच नाव चिकटवलं. लांडगा आणि रानकुत्रा तर निदान एका घरातले आहेत.

कॅम्पातली_कुंदावाली

मला एवढंच कळतं की मुंगूस आपलं आहे. इंग्रजीतला 'मंगूस' मराठीवरून गेला असं शाळेत बाईंनी सांगितलं होतं. ते तरी काढून घेऊ नका.

हल्याळ_दांडेली

नाही काढत ताई. इंग्रजीत तो मराठीतूनच गेला असं कोश म्हणतात. फक्त कन्नडमध्ये त्यालाच 'मुंगुसी' म्हणतात आणि तेलुगूतही जवळपास तसंच, म्हणजे मराठीत तो कुठून आला ते विचारू नका.

खडेबाजार

संपादक, हे बघा, मी काही बोललो नाही हं. मुंगसाचा विषय त्यांनी काढला.

जांबोटी_ते_जर्मनी

मी भाषेतला नाही, जीवशास्त्रातला आहे, म्हणून प्राण्याकडून येतो. शब्दाचा गुंता सोडवताना एक इंग्रज राहिला. कर्नल विल्यम हेन्री साइक्स.

हा साइक्स मुंबई सरकारचा संख्याशास्त्रीय नोंदी करणारा अधिकारी होता. दख्खनभर हिंडून शेती, लोकसंख्या, हवामान, पक्षी, मासे, जे दिसेल ते लिहून काढायचा. १८३१ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या वृत्तान्तात त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी दिली. तिच्यात आपला रानकुत्रा आहे. नाव ठेवलं 'कॅनिस दुखुनेन्सिस'. दुखुन म्हणजे दख्खन! आणि पुढे लिहिलं की हा मराठ्यांचा 'कोलसून'.

म्हणजे नंदगडच्या आजोबांचा शब्द जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये छापला गेलाय. साइक्सला 'डोल' माहीत असेल नसेल, त्याने स्थानिक माणसाला विचारलं आणि ऐकलं ते लिहिलं. (१८३१ हे सालही कसलं! त्याच वर्षी जानेवारीत नंदगडला संगोळ्ळी रायण्णाला फाशी झाली आणि त्याच वर्षी मुंबईत मोल्सवर्थचा मराठी कोश बाहेर पडला.)

दुखुनेन्सिस हे स्वतंत्र प्रजाती म्हणून टिकलं नाही. त्याच्या आधी १८११ मध्येच पालास ह्या जर्मन शास्त्रज्ञाने सैबेरियाच्या बाजूच्या ह्याच प्राण्याला 'अल्पायनस' असं नाव दिलं होतं. पहिलं नाव टिकतं हा नियम. १८३८ मध्ये नेपाळात असलेल्या हॉजसनने ह्याच्यासाठी 'क्युऑन' हा वेगळा गट (जीनस) केला. ग्रीकमध्ये क्युऑन म्हणजे कुत्राच. म्हणून आज भीमगडच्या दमट जंगलातल्या कोळसुंद्याचं अधिकृत नाव 'आल्प्ससारख्या डोंगराळ मुलखातला कुत्रा'. नाव देणाऱ्यांनी ह्या जनावराचे हाल केलेत एवढं नक्की.

वेगळा गट करायला कारण होतं. कुत्रा, लांडगा, कोल्हा ह्यांच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला तीन मागच्या दाढा असतात, ह्याच्या दोनच. एकूण दात बेचाळीसऐवजी चाळीस. हा भुंकतही नाही कुत्र्यासारखा, शिट्टी घालतो. दाट झाडीत पांगलेला कळप शिट्टीवर पुन्हा गोळा होतो.

नंदगड_बाजार

शिट्टी म्हणालो होतो की मी! बघा आता, जर्मनीतनं शिक्का आला.

आणि ते मुतायचं?

जांबोटी_ते_जर्मनी

आंधळं करण्याला आधार नाही. पण आजोबांनी जे पाहिलं ते खरं असणार. रानकुत्री हद्द आखायला झुडपांवर मुततात, आणि कधी कधी मागचे दोन्ही पाय वर उचलून, पुढच्या दोन पायांवर उभं राहून. असला प्रकार एकदा पाहिला की माणूस त्याच्यामागे काहीतरी कट असणार असं समजणारच.

ह्या असल्या गोष्टींमुळे आणि फाडून खाण्याच्या पद्धतीमुळे ह्यांची बदनामी फार झाली. इंग्रज शिकाऱ्यांना वाटे, आमची सांबरं-चितळं हीच खाऊन टाकतात. मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळायचं आणि ते धोरण संपलं ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याने. आता जगभरात हा प्राणी धोक्यातल्या यादीत आहे. वाघाला जेवढं प्रेम मिळतं त्याच्या दशांश ह्याच्या वाट्याला नाही. मला तर वाटतं त्यात नावाचाही हात आहे. 'रानकुत्रा' म्हटलं की लोकांना वाटतं, गावातलंच मोकाट कुत्रं रानात गेलं.

अनुस्वार

म्हणूनच 'कोळसून' टिकायला हवं. वनखात्याच्या मराठी फलकांवर 'ढोल' आणि कन्नड फलकांवर 'सीळुनायी', असं झालं तर आपल्या बाजूने गाढवपणाच म्हणायचा. कन्नडवाले स्वतःचा शब्द वापरतात. आपण स्वतःचा सोडून साहेबाचा, तोही चुकीचा वाचून.

चंदगडी_हिसका

आमच्याकडं तिलारीच्या बाजूला पण कोळसुंदंच म्हणतात. हद्द ओलांडून नाव बदलत नाही.

टिळकवाडीकर

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. पण मग 'कोळसून' कुठून आला? सगळे त्या साहेबाच्या शब्दामागे, आपला तसाच पडलाय.

कारवारची_लेक

मागचा अर्धा भाग मी सांगते. आमच्या कोंकणीत कुत्र्याला 'सुणें' म्हणतात. संस्कृत 'श्वन्', त्याची 'शुनः', 'शुनक' ही रूपं आठवा, प्राकृतात 'सुणह'. मराठीने 'कुत्रा' धरला आणि हा जुना शब्द सोडला, कोंकणीने ठेवला. 'कोळसून', 'कोळसुणा' ह्यात तोच सुणा बसलेला दिसतो. लोंढ्यापलीकडे कोंकणी बोलणाऱ्यांना हे सांगायलाही लागत नाही, ऐकूनच कळतं. म्हणजे तुमच्या शब्दात कुत्रा आहे तो मराठी कुत्रा नाही, आमचा आहे.

शब्दगोंधळी

मागच्या अर्ध्यासाठी सही माझीही. पुढच्या 'कोळ'साठी तीन जण तीन गोष्टी सांगतील. कुणी कोल्ह्याशी जोडेल, कुणी कोळशाशी (शेपूट काळी असते म्हणून), कुणी रानडुकराशी, कारण संस्कृतात 'कोल' म्हणजे डुक्कर. कोळशाची कल्पना मला सगळ्यात कच्ची वाटते. 'कोळसा'तला सा आणि 'सून'मधला सू एकमेकांना खाऊन टाकतात आणि मग कुत्रा उरतच नाही.

निपाणीकर

डुक्कर आणि कुत्रा एका शब्दात? तेलुगूवाल्यांनी डुक्कर-उंदीर केला तर आपण डुक्कर-कुत्रा का करू नये?

कारवारची_लेक

'कोळ'साठी वेगळा धागा काढा, मी येते. फक्त शीर्षकात 'ढोल' घालू नका, नाहीतर टिळकवाडीकरांचे सासरे पुन्हा ताशा शोधत बसतील.